शब्द आटले म्हणजे प्रार्थना आटली का?

ताईंचा प्रश्न लांबलचक आहे, आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. आमच्या वसईतल्याच आहेत, वय 38, नोकरी मुंबईत. दहा-बारा वर्षं प्रार्थनेच्या ग्रूपमध्ये गाणी म्हणायच्या, आराधनेला बसलं की डोळ्यांतून पाणी यायचं, रोझरी, म्हणजे मण्यांच्या माळेवरची प्रार्थना, कधी चुकली नाही. गेल्या दीड वर्षात सगळं आटलं. रोझरी म्हणताना शब्द तोंडात खड्यांसारखे लागतात असं त्यांनी लिहिलंय. म्हणून आता पहाटे पाचला घरातल्या अल्तारासमोर नुसत्या गप्प बसतात, 20 मिनिटं, आणि त्या 20 मिनिटांत डब्याला काय करायचं, लाईटबिल भरलं का, असलंच डोक्यात येतं. ग्रूपमधला एक ब्रदर म्हणाला मन रिकामं ठेवू नका, रिकाम्या घरात सैतान शिरतो. ऑफिसातली मैत्रीण म्हणते त्यापेक्षा इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला जाऊन ये. आणि भरीस भर म्हणजे पाच वर्षांची मुलगी मध्येच उठून येते आणि मांडीवर बसते. ही प्रार्थना आहे का, माझा विश्वास चाललाय का, बंद करू का, असं विचारलंय.

ताई, उत्तर आधीच देऊन टाकतो. बंद करू नका. प्रार्थना आहे. विश्वास चाललाय असं मला तुमच्या लिहिण्यावरून तरी वाटत नाही, का ते पुढे सांगतो. पण एक-दोन गोष्टी तपासून बघायला लागतील आणि त्या मी सांगेन तशाच बघा, गुळमुळीत नको.

मी फादर नाही, ब्रदर नाही, थिऑलॉजी शिकलेलो नाही. चर्चगेटला नोकरी केली, रिटायर झालो, थोडी वाडी आहे. या गप्प बसण्याच्या प्रार्थनेत 27 वर्षं आहे, त्यातली 16 वर्षं विरार लोकलमध्ये गेली. नायगाव सुटलं आणि गाडी खाडीच्या पुलावर आली की डोळे मिटायचे आणि बोरिवलीला गर्दी आत घुसली की उघडायचे, तेवढाच माझा मठ. शिकवलं एका म्हाताऱ्या सिस्टरनी, आता त्या नाहीत. तेव्हा जे सांगतोय ते तिथलं आणि थोडंफार वाचलेलं.

पहिला घोटाळा शब्दाचा आहे. आपल्याकडे या प्रार्थनेला कुणी चिंतन म्हणतं, कुणी मनन, कुणी ध्यान, आणि माणूस चिंतन म्हटलं की विचार करायला बसतो. इथेच गाडी चुकते. बाराव्या शतकात ग्विगो नावाचा एक कार्थुसियन, म्हणजे मौन पाळणाऱ्या संघातला, मठाधिपती होऊन गेला, त्यानं पवित्र शास्त्र घेऊन बसण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. वाचन, मग मनन, मग प्रार्थना, आणि चौथी पायरी, जिला लॅटिनमध्ये कोंतेम्प्लात्सियो म्हणतात. तो म्हणतो वाचन म्हणजे घास तोंडात घालणं, मनन म्हणजे तो चावणं, प्रार्थनेत चव लागते, आणि चौथी पायरी म्हणजे तो गोडवाच. आता आगाशीचं सुकेळं, म्हणजे वाळवलेलं केळं, खाताना तुम्ही शेवटी काय करता? चावत नाही, बोलत नाही, विचार तर मुळीच करत नाही, नुसतं तोंडात असतं. म्हणजे चौथ्या पायरीवर विचार कमी होणं हा बिघाड नाही, तसंच असतं ते. पण तुम्ही म्हणाल की गोडवा कुठाय, इथे तर खडे लागतायत. बरोबर आहे, त्याच्यासाठी अविलाच्या तेरेजाकडे जायला लागतं.

तेरेजा म्हणजे स्पेनमधली कार्मेल मठातली बाई, 1515 ते 1582. तिनं आपलं आत्मचरित्र लिहिलं त्यात प्रार्थनेला बागेची उपमा दिलीय आणि ही उपमा वसईच्या माणसाला जेवढी कळेल तेवढी कुणालाच कळायची नाही असं माझं मत आहे, अगदी स्पेनवाल्यांनाही. ती म्हणते बाग देवाची, आपण माळी, आणि पाणी द्यायच्या चार तऱ्हा. एक, विहिरीतून पोहऱ्यानं ओढायचं, हात सोलवटून निघतात. दोन, रहाट लावायचा. हो, रहाटच, तिच्या देशात नोरिया म्हणतात, तेच ते चाक आणि तीच ती माळ. कष्ट कमी, पाणी जास्त. तीन, ओढ्याचं नाहीतर नदीचं पाणी पाटानं वळवायचं, जमीन आतपर्यंत भिजते. चार, पाऊस. माळ्यानं हात जोडून उभं राहायचं.

माझ्या लहानपणी आमच्या वाडीत रहाट होता. रेडा डोळ्यांवर झापड बांधून गोल गोल फिरायचा, लाकूड कुरकुरायचं, गाडग्यांची माळ विहिरीत उतरायची आणि वर येऊन पन्हळात ओतायची, पन्हळातून पाटात, पाटातून केळीच्या आळ्यात. एखादं गाडगं तडकलेलं असायचं, ते वर येईपर्यंत निम्मं गळून जायचं पण माळेत असायचंच, आजी म्हणायची ते काढलं तर माळ ढिली पडेल. आजी रहाटाशेजारी बसून रोझरी म्हणायची, नमो मरिया कधी रहाटाच्या तालावर जायचं ते तिलाही कळायचं नाही. मराठीत आपण संसाराच्या रहाटगाडग्याला कंटाळतो आणि ही बाई रहाटाला प्रार्थनेची दुसरी पायरी म्हणते, याची मला अजूनही गंमत वाटते.

पण तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. पहिल्या पाण्याबद्दल लिहितानाच तेरेजा विचारते की विहीर कोरडी असली तर माळ्यानं काय करायचं? पोहरा खाली सोडला, ओढला, रिकामा. परत सोडला, रिकामा. ती म्हणते सोडत राहायचं. बाग आपली नाही, मालकाची आहे, मालकाला माळी तिथे उभा असलेला दिसतोय तेवढं पुरे. आणि ही काय उपदेश म्हणून सांगत नाही बरं का. तिनं स्वतः लिहिलंय की कित्येक वर्षं प्रार्थनेला बसली की तास कधी संपतो, घड्याळाचे टोले कधी पडतात याच्याकडेच तिचं लक्ष असायचं, आणि हातात पुस्तक घेतल्याशिवाय बसायची तिची हिंमत होत नव्हती. अशी अठराएक वर्षं गेली. चर्चने 1970 साली जिला धर्मपंडिताचा दर्जा दिला त्या बाईची ही अवस्था, तुमचं लाईटबिल कुठे घेऊन बसलात.

विचार येतात त्याच्याबद्दलही तिचं एक वाक्य आहे. 1577 साली तिनं आंतरिक किल्ल्याबद्दल पुस्तक लिहिलं, सात दालनांचा किल्ला, त्यातल्या चौथ्या दालनात ती सांगते की हे लिहिताना माझ्या डोक्यात नद्या वाहिल्यासारखा आवाज चाललाय. आणि मग म्हणते, गिरणीची खटखट चालू दे, आपण आपलं पीठ दळून घेऊ. गिरणीत उभं राहिलंय त्यांना कळेल, पट्ट्याचा आवाज थांबायची वाट बघत बसलं तर डबा रिकामाच घरी जाईल. विचार येणारच. त्यांना हाकलत बसलात तर 20 मिनिटं हाकलण्यात जातात, आणि त्यांच्यामागे गेलात तर 20 मिनिटं बाजारात. येऊ द्या, जाऊ द्या, ध्यानात आलं की परत तोंड इकडे वळवा. ते वळवणं हीच प्रार्थना आहे. 20 मिनिटांत 40 वेळा वळलात तर 40 वेळा प्रार्थना झाली, मी तरी असाच हिशोब धरतो.

त्याच चौथ्या दालनात पाण्याच्या दोन हौदांची गोष्ट आहे आणि ती वाचली तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून मागच्या दारी जाऊन उभा राहिलो होतो. एक हौद लांबून नळ टाकून, खटपट करून, आवाज करत भरतो. दुसरा बांधलाच झऱ्यावर, त्यामुळे तो आतूनच भरतो, आवाज नाही, कळतही नाही, भरून वाहायला लागतो तेव्हा कळतं. विचार करून, मनन करून, गाणी म्हणून जे मिळतं ते पहिल्या हौदाचं पाणी. ते खोटं नाही, तेही देवाचंच, पण नळातून येतं. दुसरं मुळातून.

आमच्या मागच्या दारी बावखल होतं. वसईबाहेरच्यांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीत खणलेलं छोटं तळं, पावसाचं पाणी साठतं आणि खालूनही गोडं पाणी पाझरतं. आमच्या पणज्यानं घराच्या जोत्याला माती काढली तो खड्डा. वर शेवाळ, कडेला आळू, बेडूक, बगळा. बघणाऱ्याला वाटावं की ही फुकट गेलेली जागा. पण ते असतं म्हणून जमिनीतलं गोडं पाणी टिकतं आणि समुद्राचं खारं पाणी मागे राहतं, विहीर गोडी राहते. बावखल काही उत्पन्न देत नाही, नुसतं असतं. गप्प बसण्याची प्रार्थना मला तशी वाटते. त्या 20 मिनिटांत काही मिळालं का असं विचाराल तर काही नाही. दिवसभरात सासूशी, बॉसशी, रिक्षावाल्याशी बोलताना जिभेवर गोडं पाणी येतं की मचूळ, तिथे बघा.

आमचं बावखल आता नाही. वाटणीत ते भावाच्या वाट्याला गेलं, त्यानं भरणी टाकली, वर खोल्या बांधल्या. तीन उन्हाळे गेले आणि माझी विहीर मचूळ झाली, पानवेल गेली, चहाची चव बिघडली. दोन वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. आणि त्याच दोन वर्षांत माझी प्रार्थना आटली. बसायचो, काही नाही, दगड. मी तेव्हा क्रूसाच्या योहानाचं, तेरेजाच्याच काळातल्या स्पॅनिश संताचं, नवीन नवीन वाचलेलं, मला वाटलं हीच ती आत्म्याची काळोखी रात्र, देव हरवल्यासारखा वाटतो तो काळ, मनातून जरा बरंही वाटत होतं की आपण एवढ्या वरच्या पायरीवर पोचलो. त्याच्या आधी एका रिट्रीटमध्ये एका प्रवचनकारानं सांगितलं होतं की तुझ्यात लपलेलं पाप आहे, म्हणून मी तीच तीच पापं चार वेळा कबूल करून आलेलो, फरक शून्य. शेवटी सिस्टरकडे गेलो आणि सगळं सांगितलं, काळोख्या रात्रीसकट. म्हातारी हसली. विचारलं, झोप लागते का, जेवतोस का, भावाशी बोलतोस का. तिसऱ्यावर मी गप्प. म्हणाली, आधी भावाकडे जा, योहान नंतर वाच.

गेलो. त्यानं चहा दिला, फार बोलला नाही, मीही नाही. बावखल काही परत आलं नाही. पण पुढच्या आठवड्यात बसलो तेव्हा ते दगड होणं गेलेलं होतं.

हे का सांगितलं, तर प्रत्येक कोरडेपणा म्हणजे काळोखी रात्र नव्हे. आणि प्रत्येक कोरडेपणा म्हणजे पापही नव्हे, आपल्याकडे दुसरी चूक जास्त होते. योहानानं यावर सरळ तीन खुणा दिल्यात. हा माणूस 1542 चा, तेरेजाचा सोबती, त्याच्याच कार्मेल संघातल्या लोकांनी त्याला 1577 च्या डिसेंबरात पकडून तोलेदोला एका खोपटाएवढ्या कोठडीत टाकला, नऊ महिने, मग 1578 च्या ऑगस्टमध्ये तो रात्रीचा निसटला. म्हणजे काळोख काय असतो हे त्याला पुस्तकातून माहीत नव्हतं.

पहिली खूण, देवाच्या गोष्टींत चव लागत नाही आणि बाकीच्या गोष्टींतही लागत नाही. प्रार्थना बोअर होते पण सिरियल बघायला मजा येते, रील बघत रात्रीचे बारा वाजतात, तर ती रात्र नाही, तो साधा कंटाळा. दुसरी खूण, आणि योहान हिला फार महत्त्व देतो, माणसाला सारखी टोचणी असते की मी देवाची सेवा करत नाहीये, मी मागे पडतेय. ज्याचा विश्वास खरंच गेला त्याला ही काळजी नसते हो, तो रविवारी आरामात झोपतो. तुमचा अख्खा प्रश्न ही टोचणी आहे, म्हणून मी वर म्हटलं की विश्वास चाललाय असं वाटत नाही. तिसरी खूण, पूर्वी जमायचं ते डोळ्यांसमोर प्रसंग आणणं, त्यावर विचार करणं, आता प्रयत्न करूनही जमत नाही. तिन्ही खुणा एकत्र असल्या आणि टिकून असल्या, तर योहान म्हणतो जबरदस्तीनं जुन्याकडे ओढू नका, प्रेमानं नुसतं लक्ष ठेवून बसा. त्यानं चित्रकाराचं उदाहरण दिलंय, चित्रकार चेहरा रंगवतोय आणि समोरचा सारखा हलतोय, काहीतरी करायला बघतोय, मग चित्र बिघडणार.

आणि याच जागी तो उदासीच्या आजाराचीही आठवण करून देतो, सोळाव्या शतकातला माणूस. म्हणून तुम्हाला माझी विनंती, ताई, झोप लागत नाही, भूक मेली, कारण नसताना रडू येतं, जगण्यात अर्थ नाही असं वाटतं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टरकडे जा. थायरॉईड तपासा, हिमोग्लोबिन तपासा. तुमच्या वयात नोकरी, लोकल आणि लहान मूल असं तिन्ही एकदम असेल तर निम्मा कोरडेपणा थकव्याचा असू शकतो. गोळीनं बरं झालं तर ते देवानंच केलं समजा, त्यात कमीपणा नाही. दोन्ही एकत्रही असू शकतं, शरीर थकलेलं आणि आत देवाचं कामही चालू. तेव्हा एकटीनं निदान करू नका, मी केलेलं तसं. चर्चमध्ये एखादे फादर किंवा सिस्टर असे बघा की जे स्वतः गप्प बसतात. बोलघेवडे नको.

आता सैतानाचं. त्या ब्रदरची मी टिंगल करणार नाही, त्यांच्या भीतीला इतिहास आहे. सतराव्या शतकात मोलिनोस नावाचा एक स्पॅनिश धर्मगुरू रोममध्ये शिकवायला लागला की आत्म्यानं एवढं निष्क्रिय व्हावं की तोंडी प्रार्थना नको, मोहाचा विरोधही नको. 1687 साली पोपनी त्याची 68 विधानं चुकीची ठरवली. तेव्हा काहीच न करणं म्हणजे प्रार्थना, असं चर्चनं कधीच मान्य केलेलं नाही. आणि तेरेजाही बजावते की फार आध्यात्मिक झालो म्हणून येशूचं माणूसपण, त्याचा जन्म, त्याचा क्रूस मागे टाकून कुठल्यातरी निराकारात तरंगायला जाऊ नका, ती स्वतः त्यात एकदा फसली होती.

पण ब्रदर जो दाखला देतात, झाडून साफ केलेल्या रिकाम्या घरात सात भुतं शिरली तो, त्या घरात मालक नव्हता. तुम्ही मालकासमोर बसताय. फरक मन भरलेलं की रिकामं यात नाही, तुमचं तोंड कुणाकडे आहे यात आहे. फ्रान्समधल्या आर्स गावचा शेतकरी चर्चमध्ये तासन् तास नुसता बसायचा, तिथल्या फादर व्हियानीनी विचारलं काय करतोस, तर म्हणाला मी त्याच्याकडे बघतो, तो माझ्याकडे बघतो. हे चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षणग्रंथात, म्हणजे कॅटेकिझममध्ये दिलेलं आहे, गप्प प्रार्थनेच्या प्रकरणात. ब्रदरना दाखवा, भांडू नका.

विपश्यनेबद्दल. मी गेलेलो नाही, गेलेल्यांना ओळखतो, चांगली माणसं आहेत आणि कित्येकांना फायदा झालाय. पण दोन्ही एकच नाही. तिथे श्वास, मग शरीरावरच्या संवेदना, त्या जशा आहेत तशा बघायच्या, कुणाला हाक मारायची नाही. दहा दिवस रोझरी, जप, बाकीचे विधी बाजूला ठेवायला सांगतात, आणि ते त्यांच्या पद्धतीला धरून बरोबरच आहे. आपल्या प्रार्थनेत मात्र सगळी मदार हाकेवर आहे. हाक मारली आणि थांबलो. म्हणून तिकडे जायचं तर शांती मिळेल म्हणून जा, पण आटलेल्या प्रार्थनेवर औषध म्हणून नको. रोमनं, म्हणजे व्हॅटिकननं, यावर 1989 साली एक पत्र काढलं, तारीख 15 ऑक्टोबर, नेमका तेरेजाचा सण. त्यात पूर्वेकडच्या पद्धती सरसकट नाकारा असं कुठे नाही. शरीराला येणारी शांतता आणि गरमाई हीच पवित्र आत्म्याची कृपा समजू नका, एवढं मात्र स्पष्ट सांगितलंय. लोणावळ्याच्या फादर अँथनी डिमेलोंच्या साधना शिबिरांना आपल्याकडचे बरेच जण जायचे, आजूबाजूचे आवाज ऐकत शांत होण्याचा त्यांचा सराव मी अजूनही करतो. त्यांच्या काही मतांवर रोमनं 1998 मध्ये आक्षेप घेतला तेही खरं आहे, दोन्ही माहीत असावं.

आणि हे काय बाहेरून आलेलं खूळ आहे का, असं वसईत कुणीतरी विचारतंच. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातले साधू स्तोत्रातली एकच ओळ दिवसभर म्हणायचे, देवा, माझ्या मदतीला धाव. योहान कासियन, हा वेगळा योहान, त्यांच्याकडे राहून शिकला आणि त्यानं ते लिहून ठेवलं. ग्रीक आणि रशियन मठांत प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर, हे श्वासावर म्हणतात, हजारो वेळा. शेजारच्या घरातलं नामस्मरण ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला यात परकं काय वाटायचं? आपल्याच कोकणातल्या करजगावचे ना. वा. टिळक 1895 ला ख्रिस्ती झाले ते तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणायचे.

बरं, प्रत्यक्ष कसं बसायचं. एक छोटा शब्द घ्या. चौदाव्या शतकात इंग्लंडमध्ये एका निनावी माणसानं अज्ञानाच्या ढगाबद्दल पुस्तक लिहिलं, तो म्हणतो शब्द जेवढा लहान तेवढा बरा, एका अक्षराचा मिळाला तर उत्तम. येशू घ्या, अब्बा घ्या. जॉन मेन नावाचे बेनेडिक्टाईन फादर मारानाथा शिकवायचे, मा-रा-ना-था, म्हणजे प्रभू ये, सारख्या चार मात्रा, लोकलच्या तालात अगदी बसतं, मी स्वतः सांगतो. एकदा घेतला की बदलत बसू नका. शब्दावर विचार करायचा नाही, तो नुसता परत वळायला. मन लाईटबिलाकडे गेलं, कळलं, शब्द, परत. हळू, वैतागून नको. शब्द आपोआप गळून पडला आणि नुसती शांतता राहिली तर राहू द्या, बघा मला शांतता लागली असं म्हणालात की ती गेलीच.

खुर्चीवर बसलात तरी चालतं, गुडघे दुखवून काही मिळत नाही. पाठ ताठ, नाहीतर डुलकी लागते. डुलकी लागली तर लागली, लिझ्युची छोटी तेरेजाही, ही फ्रान्समधली दुसरी तेरेजा, प्रार्थनेत झोपायची आणि म्हणायची आईबापांना झोपलेली लेकरंही तेवढीच आवडतात. मोबाईल दुसऱ्या खोलीत, टायमरला हलका आवाज. बसण्याआधी शुभवर्तमानातल्या चार ओळी वाचा, फार नको, विहिरीत पोहरा सोडायला दोर तरी हवा. आणि 20 मिनिटं ठरवलीत तर 21 ला उठा, 19 ला नको. हे येशूसंघाच्या संस्थापक संत इग्नेशियसचं आहे, उदास वाटत असेल तेव्हा ठरल्यापेक्षा थोडं जास्तच बसावं आणि अशा काळात जुना निर्णय बदलू नये. म्हणून ग्रूपही इतक्यात सोडू नका. मागच्या बाकावर बसा, गाणी दुसऱ्यांना म्हणू द्या.

रोझरीचं मात्र माझं मत जरा वेगळं आहे, काहींना पटणार नाही. पाचही दशकं, म्हणजे दहा-दहा मण्यांचे पाच भाग, ओढत बसू नका, पण पूर्ण सोडूही नका. एकच दशक म्हणा, तेही घरच्यांबरोबर, संध्याकाळी, खडे लागले तरी. आजीच्या माळेतलं तडकलेलं गाडगं आठवतंय ना.

राहिली मुलगी. बसू द्या तिला मांडीवर. शूऽऽ करू नका, काय चाललंय ते समजावून सांगू नका, तिच्या पाठीवर हात ठेवा आणि तुमचा शब्द चालू द्या. ती दोन मिनिटांत परत झोपेल किंवा चुळबूळ करेल किंवा विचारेल की मम्मी आज डब्याला काय. सांगा तिला काय ते, आणि टायमर वाजेपर्यंत बसून राहा.